आडवं पडून लावलेले तेवीस दिवे

पाठ दुखत असेल, संध्याकाळी अंग कोमट होत असेल आणि महिन्याभरात झंपर ढिले झाले असतील, तर आधी डॉक्टरकडे जा, मग देवाकडे. हे सांगणारी मी कोण, तर जी जन्मभर आधी देवाकडे गेली आणि त्यापायी दोन्ही पाय घालवून बसणार होती. देवावर माझा राग नाही. राग आहे तो माझ्या शहाणपणावर, आणि थोडा गावावर. गावावरचा आता बराच उतरलाय.

मी शालन. वय पंचावन्न. म्हसवडपासून रिक्षानं अर्ध्या तासावर आमचं गाव. सव्वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते, त्यामुळं गावातली निम्मी तरणी पोरं माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. मालक फौजेत होते. हवालदार होऊन घरी आले आणि दोन वर्षांतच छातीत कळ येऊन गेले. एकुलता एक संदीप, तोही फौजेत. घरी मी, सून अश्विनी आणि चार वर्षांची नात.

मला मणक्याचा टीबी झाला. औषधाचा अकरावा महिना चालू आहे, कमरेला पट्टा आहे, आणि हे मी अंगणात खुर्चीवर बसून वहीत लिहितेय. बसून लिहितेय, हे मुद्दाम सांगते. मधले कित्येक महिने मला बसता येत नव्हतं.

दिवे कसे सुरू झाले

आमच्या गावात दर दोन घरांआड एक फौजी. तीन वर्षांपूर्वी संदीपची पलटण वर बर्फात गेली आणि बावीस दिवस त्याचा फोन नाही. मी वेडीपिशी झाले होते. एका संध्याकाळी दिवेलागणीला उठले, गावातल्या सिद्धनाथाच्या देवळात गेले, एक पणती लावली आणि नाथाला म्हटलं, नवरा नेलास, काही बोलले नाही, पोराला हात लावू नको. असं सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारची इंदाक्का आली. तिचाही मुलगा वरच होता. मग आणखी दोघी आल्या. आठवड्यात पंधरा बायका झाल्या.

रीत आपोआप पडली. बाहेर असलेल्या प्रत्येक पोराची एक पणती. वयानं थोरला तो पहिला, अशी ओळीनं नावं घ्यायची. एक नाव घेतलं की सगळ्यांनी म्हणायचं, "नाथा, राख." शेवटी नाथबाबाच्या नावानं चांगभलं म्हणायचं आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. पंचवीस मिनिटांचं काम. सगळी मिळून तेवीस नावं झाली. नव्यानं भरती झालेली, वयानं लहान असलेली पोरंही मी संदीपच्या आधी घेत असे. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी मागून झाल्याशिवाय आपल्यासाठी मागायला मला लाज वाटायची.

तेविसाव्या दिवशी संदीपचा फोन आला. मनात आलं, झालं आपलं काम, आता कशाला रोज जायचं. पण इंदाक्काच्या पोराचा फोन अजून आला नव्हता. आपलं पोर बोललं म्हणून तिच्या पोराचा दिवा विझवायचा, हे मला पटेना. त्या दिवशी मी गेले आणि रोज जात राहिले. तोवर ती माझी गरज होती, त्यानंतर ते देवाचं काम झालं, असं मी मानते.

विरोध लगेच सुरू झाला. देवळाच्या कमिटीचे प्रमुख म्हणजे माझे थोरले चुलत दीर, आबा. माणूस वाईट नाही. देवळाचा मंडप त्यांनीच दारोदार फिरून उभा केलेला. पण जुन्या वळणाचे. त्यांनी मला घरी बोलावून घेतलं, चहा पाजला आणि मग बोलले.

"शालन, दिवा सवाष्णीनं लावायचा असतोय. मोकळ्या कपाळाच्या बाईनं पोरांच्या नावानं दिवा लावायचा, हे बरं न्हवं. पोरं शिमेवर हायत."

मी पदर सावरला आणि म्हटलं, "आबा, त्या कपाळाचा धनी फौजेतच व्हता. फौजीसाठी देवाजवळ काय मागायचं, ते माझ्याएवढं कुणाला कळतंय?"

आबांनी मला दारापर्यंत पोचवलं. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला मंडपाच्या जाळीला कुलूप लागायला लागलं. कारण काय, तर दिव्यांच्या काजळीनं रंग खराब होतो. आम्ही पायऱ्यांवर बसलो. पायऱ्यांवर वारं लागून पणत्या विझायच्या, मग तेलाचे रिकामे डबे कापून त्यांचा आडोसा केला. गुरवाला विचारलं तर तो म्हणायचा, मला दोन्हीकडनं मार हाय, मला काय विचारू नका. आमच्या माणदेशात पाऊस नसतो, हट्ट मात्र भरपूर पिकतो.

एक सांगायचं राहिलं. आबांचा धाकटा मुलगा सचिन फौजेत आहे. रीत पडली तेव्हापासून त्याची पणती लागायची. नाव अकरावं. त्याची आई, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई ताराक्का, कधी आल्या नाहीत. त्यांना परवानगी नव्हती.

उभं नवरात्र

गेल्या वर्षी गणपती बसले आणि माझी पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, वय झालं. बाम चोळला, विटेचा शेक घेतला. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, सकाळी उतरायचं. भूक गेली. इंदाक्का म्हणाली, तुझा रंग उतरलाय गं. अश्विनी तर रोज मागं लागायची, आई, दवाखान्यात चला. मी म्हणायचे, तुळशीचं लग्न होऊ दे.

तुळशीच्या लग्नाचं कारण असं. आमच्याकडं नाथाचं नवरात्र दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं आणि तुळशीच्या लग्नाला सुटतं. ज्यांनी ते धरलंय त्यांनी बारा दिवस उभं राहायचं. बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. झोप आली तर भिंतीला टेकायचं, नाही तर आढ्याला बांधलेल्या दोरीत हात अडकवून डोळे मिटायचे. मी नऊ वर्षं हे करत आले होते. तेवढे बारा दिवस मंडपात उभं राहायला आबाही नाही म्हणू शकत नव्हते, कारण नवरात्र कुणी धरायचं ते नाथ ठरवतो, कमिटी नाही.

पाठीत आग पेटलेली असताना मी दहाव्या वर्षी उभी राहिले. मला वाटलं, नाथ परीक्षा घेतोय. आबांनी मला हिणवलंय, तर मी किती खरी आहे ते नाथाला बघायचंय. अश्विनी रडली, भांडली, संदीपला फोन लावून दिला. संदीप म्हणाला, आई, हुकूम समज आणि दवाखान्यात जा. मी म्हटलं, तुझा हुकूम पलटणीत.

पाचव्या दिवसापासून पायात मुंग्या. आठव्या दिवशी आरतीच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून समईचं गरम तेल माझ्या डाव्या पावलावर सांडलं. बायका ओरडल्या. मला काहीच जाणवलं नाही. कातडीला फोड आला, पण वेदना नाही.

आता कुठलाही शहाणा माणूस काय करेल? घाबरेल. मी हात जोडले. मला वाटलं, नाथानं माझी वेदना काढून घेतली. दोन-तीन बायकांनी तर माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी ठेवू दिलं. हे लिहिताना आजही मला शरम वाटते.

बाराव्या दिवशी नवरात्र सुटलं. मला पाटावर बसवलं, हातात दुधाचा पेला दिला. दूध पिऊन मी उठायला गेले आणि पाय उठले नाहीत.

सांगलीत

इंदाक्काच्या मालकांनी जीप काढली. मागच्या सीटवर मला आडवं घातलं, डोकं अश्विनीच्या मांडीवर. सांगलीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. नुसती माझ्या केसांतून हात फिरवत होती. भांडकुदळ माणूस गप्प बसला की फार भीती वाटते.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या तळपायाला टाचणी टोचली. कळतंय का, विचारलं. मी म्हटलं, टोचा की. त्या म्हणाल्या, टोचलीये. तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. मग ते एमआरआयचं ठाकठाक वाजणारं मशीन. त्यात घालताना मी नावं घ्यायला सुरुवात केली आणि बाहेर काढेपर्यंत तेवीसच्या तेवीस नावं चार वेळा घेऊन झाली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई कॉटजवळ स्टूल ओढून बसल्या. मणक्यात टीबी आहे, पू साचलाय, त्यानं नसा दाबल्यात, परवा ऑपरेशन करायचं, आणि वर्ष-दीड वर्ष गोळ्या. पाय परत येतील का, असं अश्विनीनं विचारलं. त्या म्हणाल्या, येतीलही, नाहीही, खोटं सांगणार नाही. मला एकच विचारायचं होतं.

"बाई, ही माझी परीक्षा व्हती का कोप?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मावशी, हा जंतू आहे. तुम्ही विधवा की सवाष्ण ते त्याला कळत नाही. नवस कळत नाही. बारा दिवस उभ्या राहिलात, ते मात्र त्याच्या पथ्यावर पडलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्या गेल्यावर मी भिंतीकडं तोंड करून रडले. पण रडता रडता एक गोष्ट लख्ख कळली. आबा म्हणणार कोप झाला, आणि मी म्हणत होते परीक्षा आहे. म्हणजे आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. दोघांनाही वाटत होतं की नाथाला दुसरं कामच नाही, तो माझ्या पाठीत बोट घालून बसलाय. त्या दिवसापासून मी नाथाला आजाराबद्दल काही विचारलं नाही. आजाराचं डॉक्टरला विचारायचं, पोरांचं नाथाला सांगायचं, अशी वाटणी केली.

गाव

ऑपरेशन झालं. संदीपला सुट्टी मिळाली नाही. पाठीत सळ्या बसवल्या. शुद्धीवर आले तेव्हा तोंडाला कोरड आणि पाय तसेच गार.

गावात जे व्हायचं ते झालं. आबांना तोंड उघडायचीही गरज पडली नाही. बारा दिवस उभी राहिली आणि उठताच पाय गेले, यापेक्षा मोठा पुरावा कुणाला हवा होता? रांडमुंड बाईनं दिवा लावला, नाथाला सोसलं नाही, असं नळावर बोललं गेलं. तीन दिवस इंदाक्का एकटी पायरीवर बसली. चौथ्या दिवशी तिच्या सासूनं तिला उंबऱ्यात अडवलं, तुझ्या पोराचंबी वाटोळं करतीस व्हय, म्हणून. चौथ्या संध्याकाळी देवळात एकही पणती लागली नाही. हे मला गुरवानं फोन करून सांगितलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. म्हणाला, काकी, देवळात करमंना.

त्यात टीबी म्हटल्यावर भर पडली. मणक्याचा टीबी खोकल्यानं पसरत नाही हे डॉक्टरांनी चारदा सांगितलं, पण दूधवाला किटली लांबूनच ओतायला लागला. नातीला अश्विनीनं कराडला माहेरी ठेवलं. तिकडूनही तिला फोन, तू तिथं कशाला राहतीस, तुला लागण होईल.

एका दुपारी अश्विनी फुटली. माझं अंग पुसता पुसता फडकं बादलीत आपटून म्हणाली, "आई, बास करा आता तो दिवा आणि ती नावं. तुमच्या हट्टापायी तुमचे पाय गेले. माझी लेक माझ्याजवळ नाही. गाव थुंकतंय आपल्यावर. अजून काय काय घालवायचंय तुम्हाला?"

तिचं प्रत्येक अक्षर खरं होतं. मी म्हटलं, नवरात्राचा हट्ट चुकला, त्यासाठी तुझे पाय धरते, पण माझे हात तिथवर पोचत नाहीत, तू वाकून घे. ती हसली नाही. मग मी म्हटलं, उभी राहिले ती माझ्या मोठेपणासाठी. दिवा माझ्यासाठी नाही. नवरात्र सोडलं. दिवा सोडणार नाही. ती बादली घेऊन निघून गेली.

वॉर्डातले दिवस

पहाटे साडेपाचला झाडूवाल्या मावशी. सहाला उपाशीपोटी गोळ्या, मूठभर. त्या गोळ्यांनी लघवी शेंदरी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी मी रक्त गेलं म्हणून बोंब ठोकली आणि सिस्टर धावत आल्या. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, घाबरू नका. आठला पोहे, ते पोटात राहिले तर नशीब. दर दोन तासांनी कूस बदलायला दोघीजणी यायच्या आणि ओंडका लोटावा तशी मला अख्खी वळवायच्या. बाकीचा वेळ छत. माझ्या छतावर ओल उतरून एक डाग पडला होता आणि तो कधी बैलासारखा, कधी जिल्ह्याच्या नकाशासारखा दिसायचा.

शेजारच्या कॉटवर जतकडच्या निंगव्वा. मांडीचं हाड मोडलेलं. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनेकरवी माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. दीड महिन्याच्या मुक्कामात लोकांनी मला फळं दिली, उपदेश दिले, पण डोक्याला तेल एकट्या निंगव्वांनी दिलं. ते मी विसरणार नाही.

रोज सातला मी नावं घ्यायची. दिवा लावायची सोय नव्हती, ऑक्सिजनजवळ काडी ओढू देत नाहीत. मी डोळे मिटायची, पायरी आठवायची, डबा आठवायचा, वात आठवायची. एक पणती मनात नीट पेटली की एक नाव. घाई नाही. निंगव्वा ऐकायच्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, माझा ल्योक फौजेत न्हाई, उसाच्या ट्रकवर हाय, त्येचं चालंल का? मी म्हटलं, रस्ता काय सीमेपेक्षा कमी हाय व्हय? घेतलं त्याचंही नाव.

एका संध्याकाळी गोळ्यांच्या गुंगीत मी एकविसाव्या नावापाशी पेंगले. डोळे मिटलेले, पण कान जागे होते. कॉटच्या पायथ्याशी अश्विनी उभी होती. तिनं हळूच बाविसावं नाव घेतलं. मग थांबली, आणि तेविसावं घेतलं, स्वतःच्या नवऱ्याचं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव अशी सहजासहजी घेत नाही. मी झोपल्याचं सोंग तसंच ठेवलं. तिनं माझी चादर नीट केली आणि ती थर्मास भरायला गेली.

आठ दिवस

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

चौथ्या आठवड्यात इंदाक्का भेटायला आली आणि तिनं सांगितलं, आबा पारावर बोलले की शालनला नाथानंच आडवं केलं, आता तरी बायका शहाण्या होतील. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या संध्याकाळी दहावं नाव घेतलं आणि अकराव्यावर माझी जीभ अडली. मी बारावं घेतलं.

विसरले नव्हते. गाळलं. मनात म्हटलं, बापाला माझा दिवा चालत नाही ना, मग राहू दे पोराला अंधारात. आणि खरं सांगते, बरं वाटलं. आठ दिवस मी रोज सचिनला वगळलं आणि आठ दिवस मला बरं वाटलं. मनातल्या पायरीवर एक पणती विझलेलीच राहायची, तिच्याकडं मी बघायचीच नाही.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाई टाचणी घेऊन आल्या. उजव्या अंगठ्याला टोचलं आणि मी आई गं म्हणून ओरडले. आयुष्यात एवढं गोड काही दुखलं नव्हतं. अश्विनी रडायला लागली, निंगव्वा कानडीत काहीतरी मोठ्यानं बोलल्या. आणि मला आठवला तो सचिन, अंगणवाडीत असताना पायात बाभळीचा काटा भरला म्हणून माझ्या मांडीवर बसून भोकाड पसरलेला. काटा मी काढला होता. पोरगं खिचडी खाताना डाव्या हातानं माझा पदर धरून बसायचं.

त्या संध्याकाळी मी सगळ्यात आधी त्याचं नाव घेतलं, मग ओळीनं बाकीची, आणि अकराव्या जागी परत त्याचं. नाथाची माफी मागितली. मला आबांचा राग येणं चूक नव्हतं, अजूनही नाही. पण राग आबांवर आणि शिक्षा सचिनला, हा न्याय आणि विधवेचा दिवा पोरांना बाधतो हा न्याय, दोन्ही सारखेच.

ताराक्का

दीड महिन्यानं मला गावी आणलं. ओसरीवर कॉट टाकली. अजून आडवंच राहायचं होतं. पायात हालचाल आली होती, पण उभं राहण्याएवढी नाही. लोक रस्त्यानं जाताना मान खाली घालून जायचे.

एका बुधवारी, आबा म्हसवडच्या बाजाराला गेलेले असताना, ताराक्का आल्या. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, गुडघे दुखणाऱ्या बाई. कॉटजवळ जमिनीवरच बसल्या. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, सचिनचा फोन येऊन सोळा दिवस झालेत. जेवण जात नाही. आबा वरनं दाखवत नाहीत, पण तेही पहाटे उठून फोन बघत बसतात.

मग खाली मान घालून विचारलं, "शालन, त्येचं नाव घेतीस का गं अजून?"

हो म्हणणं फार सोपं होतं. अश्विनी दारात उभी होती, तिला सगळं माहीत होतं.

"घेते," मी म्हटलं. "पर मधी आठ दिवस न्हाई घेतलं, आक्का. आबांचा राग आला म्हणून गाळलं. माझं चुकलं."

ताराक्का रडल्या. मला वाटलं, आता शिव्या देऊन उठून जातील. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आठच दिवस? तुझ्या जागी मी असते तर वरीसभर घेतलं नसतं." आणि थोड्या वेळानं, "आज दिवा मी लावते. तुला उठाय येत न्हाई, तू हितनं नाव घे."

त्या संध्याकाळी सातला कमिटीच्या प्रमुखाची सवाष्ण बायको कापलेला डबा घेऊन पायरीवर बसली. शेजारी अश्विनी, हातात फोन. मी ओसरीवर आडवी, माझ्या कानाशी दुसरा फोन. मी नाव घ्यायची, अश्विनी फोन उंच धरायची, ताराक्का वात पेटवायच्या. "नाथा, राख," म्हणायला त्या दिवशी दोघीच होत्या. मधेच फोन कट झाला तर अश्विनीनं नावं पुढं चालू ठेवली. तिला पाठ होती.

आबा परत आले तेव्हा पायरीवर तेवीस पणत्या जळत होत्या. घरात दोन दिवस अबोला होता म्हणे. ताराक्कांनी एवढंच सांगितलं, पोरगं माझंबी हाय. तिसऱ्या दिवशी इंदाक्का आली, तिच्या सासूला घेऊनच. पंधरवड्यात सगळ्या परत आल्या.

सचिनचा फोन चौथ्या दिवशी आला. दिव्यानं फोन लागला असं मी म्हणणार नाही. तिकडं टॉवर बंद होता, तो चालू झाला. असल्या हिशेबानंच मी पाय घालवत होते. पण त्या चार संध्याकाळी ताराक्का एकट्या पडल्या नाहीत, जेवल्या, झोपल्या. दिव्याचं काम तेवढंच आहे आणि ते थोडं नाही.

पहिल्यांदा देवळापर्यंत

नवव्या महिन्यात मी वॉकर धरून देवळापर्यंत गेले. घरापासून दोनशे पावलं. अश्विनी एका बाजूला, कराडहून परत आलेली नात पुढं पुढं, आजीला वाट द्या म्हणत. अर्ध्या वाटेत घामानं पाठीचा पट्टा भिजला. दोनदा थांबले. मागं फिरायचं का, असं अश्विनीनं विचारलं, तर मी तिच्यावर खेकसले. बरी होत असल्याचं ते लक्षण होतं, असं ती नंतर म्हणाली.

पायऱ्या अकरा. मला एकही चढता येत नव्हती. मी खाली उभी राहून वर बघितलं आणि थबकले. मंडपाच्या जाळीचं कुलूप काढलेलं होतं. बायका आत बसल्या होत्या, पणत्या नाथासमोर ओळीनं मांडलेल्या. आणि खाली, पायरीच्या शेजारी, एक खुर्ची ठेवलेली. खुर्चीमागं आबा उभे.

नऊ महिन्यांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "वर याय जमत न्हाई तर खालनं म्हण. मंडपात ऐकू येतंय, मी बघितलंय."

मी बसले. माफी त्यांनी मागितली नाही. मीही तिची वाट बघत नव्हते. मग त्यांनी घसा खाकरून विचारलं, "सचिन कितवा?"

"अकरावा."

मी नावं घ्यायला सुरुवात केली. वरून बायकांचं "नाथा, राख" येत होतं. दहावं झालं. अकरावं मी घेतलं तेव्हा आबांनी टोपी काढून हातात धरली आणि त्यांचे ओठ हलले. आता ते जातील असं मला वाटलं. त्यांचं काम झालं होतं. बारावं झालं, तेरावं झालं, तरी ते तिथंच. शेजारी रिकामा कट्टा होता, त्यावरही बसले नाहीत. बाविसावं झालं. तेविसावं नाव माझ्या संदीपचं. ते मी घेतलं आणि माझ्या खुर्चीमागून, बायकांच्या आधी, आबांचा जाड आवाज आला, "नाथा, राख."

उभं नवरात्र आता माझ्याच्यानं होणार नाही, डॉक्टरीणबाईंनी सक्त मनाई केलीये आणि मीही हट्ट सोडलाय. गोळ्या अजून सात महिने आहेत, एकही चुकवलेली नाही. तुमच्याही चुकवू नका. साडेसहा वाजत आले, अश्विनी वॉकर घेऊन आलीये. पायऱ्या मी आता चार चढते. राहिल्या सात.